रॉकेटधारी रणगाडा आणि पटावरील युद्ध : प्रतिकृतीच्या सत्यासंबंधी काही विचार

मराठी मुलखात युद्धाची लहानशी प्रतिकृती करण्याची चाल जुनी आहे आणि ती अद्याप मोडलेली नाही. दिवाळीच्या सुमारास मिरा रोड व भाईंदर येथील इमारतींच्या आवारात, जिन्याच्या पायथ्याशी किंवा वाहने लावण्याच्या जागेतील एखाद्या कोपऱ्यात मुले विटांचे तुकडे, दगड व गोणपाट यांचा डोंगर रचतात, त्यावर चिखल लिंपतात, अळीव आणि मोहरी पेरून हिरवळ उगवितात, माथ्यावर शिवाजी महाराजांचे सिंहासन मांडतात आणि उतारावर मातीचे मावळे उभे करतात. या मावळ्यांच्या शेजारी हिरव्या प्लॅस्टिकचे बंदूकधारी शिपाई असतात. आणि पुष्कळदा एखादा रणगाडाही असतो, त्याच्या पाठीवर रॉकेटांची चळत बसविलेली असते. जाणता मनुष्य हे पाहून हसतो. शिवकालात रणगाडा कोठून आला, असे तो विचारतो, आणि हा प्रश्न विचारला की टीका संपली असे मानतो.

वस्तुतः टीकेस येथून आरंभ व्हावयास हवा. कालविपर्यास हा या किल्ल्यातील दोष खरा. परंतु तो त्यातील सर्वांत वरवरचा दोष आहे. त्याच किल्ल्यातील मावळा महादरवाज्याहून उंच असतो, गुहेतील वाघ बुरुजाएवढा असतो, आणि याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. प्रमाणाचा असा भंग आपण संकेत म्हणून मान्य करतो. संस्कृत नाटकात पात्राने रंगभूमीवर एक फेरी घातली की ते अरण्यातून नगरात पोचते. प्रेक्षक अंतर मोजीत बसत नाही. मग रणगाड्यापुरताच आपला संकेत का मोडावा? दिवाळीच्या किल्ल्यातील रणगाड्याचा खरा दोष तो तेथे असतो हा नव्हे, तर तो तेथे काहीच करीत नाही हा होय. त्याला चाल नाही, पल्ला नाही, तो चुकत नाही आणि मारीतही नाही. तो केवळ दिसतो. किंबहुना मावळाही तेथे केवळ दिसतो. पण मावळ्याच्या दिसण्यात स्मरण आहे, रणगाड्याच्या दिसण्यात तेही नाही.

प्रतिकृतीला नियम लावला की ती चित्र राहत नाही, विधान बनते. आणि विधान म्हटले की ते खरे की खोटे हे विचारता येते. पटावरील युद्धखेळ, म्हणजे मेजावर लहान भूप्रदेश रचून, ठरावीक परिमाणाच्या प्रतिकृती मांडून, फासे व मोजपट्टी यांच्या साहाय्याने दोन पक्षांनी खेळावयाचा डाव, हा समीक्षेचा विषय होऊ शकतो तो एवढ्याचसाठी. प्रस्तुत लेखात रॉकेटधारी रणगाड्याची प्रतिकृती कसोटीस घेतली आहे. हे शस्त्र निवडण्याचे कारण असे की, त्याचे रूप आणि त्याचा स्वभाव यांत जेवढे अंतर आहे तेवढे दुसऱ्या कोणत्याही रणगाड्यात क्वचितच आढळेल.

या खेळाच्या दोन परंपरा मानता येतात. पहिली प्रशियन. थोरल्या राइसविट्झने १८१२ साली राजा तिसऱ्या फ्रीड्रिख विल्हेल्मपुढे आपले युद्धमेज मांडले आणि त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून प्रसिद्ध केले. पुत्राने मेजाऐवजी १ : ८००० या प्रमाणाचा नकाशा घेतला, सैन्यासाठी साधे रंगीत ठोकळे घेतले, निकालासाठी फासा आणला आणि दोन्ही पक्षांच्या वर एक पंच बसविला. येथे रूपाला जवळजवळ काडीची किंमत नाही. ठोकळा घोडदळाचा आहे की पायदळाचा एवढे कळले की पुरे. सारे सत्य नियमात आणि पंचाच्या विवेकात साठविलेले. दुसरी परंपरा एच. जी. वेल्सची. त्याच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात शिशाचे शिपाई आणि कमानीच्या जोरावर लाकडी गोळी फेकणारी खेळण्यातील तोफ आहे. तोफेचा नेम धरावयाचा, गोळी सोडावयाची, आणि जो शिपाई आडवा झाला तो मेला. तोफांच्या माऱ्यासाठी येथे फासा लागत नाही. प्रतिकृती आपले काम स्वतःच करते. पहिल्या परंपरेत वस्तू नियमासाठी आहे, दुसरीत नियम वस्तूतच आहे.

आज जगभर खेळला जाणारा प्रतिकृतींचा युद्धखेळ या दोहोंच्या संकरातून झाला आहे. त्याने वेल्सची देखणी प्रतिकृती घेतली आणि राइसविट्झचा फासा घेतला. डोनल्ड फेदरस्टोनच्या ‘वॉर गेम्स’ या १९६२ च्या पुस्तकापासून या संकराचा प्रसार वाढला. साधा रणगाडा, म्हणजे एक तोफ, एक नेम, एक गोळा, या संकरात फारसा अडचण करीत नाही. रॉकेटधारी रणगाडा मात्र जागोजागी अडतो.

ही अडचण समजण्यासाठी मूळ वस्तूचा थोडा परिचय करून घेणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी शर्मन रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावर ६० नळ्यांची एक चौकट चढविली. वाफेवर वाजणाऱ्या एका वाद्याच्या नळ्यांशी तिचे साम्य दिसल्याने तिला ‘कॅलिओपी’ हे नाव पडले. रॉकेटे साडेचार इंची, पल्ला सुमारे ४००० यार्डांचा. चौकट एका दांड्याने तोफेच्या नळीस जोडलेली असे. तोफ उचलली की चौकट उचलली जाई. याचा परिणाम असा की, आरंभीच्या रचनेत चौकट जागेवर असताना तोफच डागता येत नसे, आणि रणगाड्याच्या पथकांनी तो दांडा आपल्या हिकमतीने दुसरीकडे जोडून ही सोय करून घेतली. शिवाय नळ्या रिकाम्या झाल्या की त्या भरण्यासाठी माणसांना चिलखताबाहेर येऊन, उघड्यावर उभे राहून एकेक रॉकेट हाताने घालावे लागे. रणगाड्याचे सारे प्रयोजन माणसाला चिलखताआड ठेवणे हे. आणि हे शस्त्र त्याला पुन्हा बाहेर बोलावते. यापरते अर्थपूर्ण वैशिष्ट्य दुसरे नाही, आणि ते कोणत्याही प्रतिकृतीत दिसत नाही.

ब्रिटिशांचा प्रयोग याहून बोलका आहे. १९४५ च्या मार्चमध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या रणगाडा पलटणीने टायफून विमानांवरील साठ पौंडी रॉकेटे उतरवून घेतली आणि शर्मनच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंस एकेक बसविले. त्याला ‘ट्यूलिप’ म्हणत. आता हे रॉकेट पंखांच्या आधाराने सरळ जाणारे. विमानातून सुटताना त्याला विमानाचाच वेग मिळालेला असे, आणि त्या वेगामुळे पंख पहिल्या क्षणापासून हवेवर पकड घेत. उभ्या रणगाड्यावरून सुटताना तो वेग शून्य. पंखांना पकड येईपर्यंत रॉकेट खाली झुके, वाऱ्याने वळे, भलतीकडे जाई. तेच रॉकेट, तेच पंख, तीच दारू. बदलला तो केवळ आरंभीचा वेग. नेम गेला, परंतु ज्या शत्रूवर ते येई त्याचा धीरही जाई, आणि त्या पलटणीस तेवढे पुरेसे होते.

रशियनांनी टी-४० व टी-६० या हलक्या रणगाड्यांच्या बैठकीवर ८२ मिलिमीटरच्या २४ रॉकेटांची चौकट बसविली. जर्मनांनी टायगरच्या बैठकीवर ३८० मिलिमीटर व्यासाचा, मूळ आरमारी कल्पनेतून निघालेला रॉकेटक्षेपक ठेवून ‘श्टुर्मटायगर’ बनविला. एकेक रॉकेट साडेतीनशे किलोच्या घरातले, ते आत घेण्यासाठी पाठीवर छोटी यारी, आणि अशी वाहने एकंदरीत सुमारे १८ च तयार झाली. अलीकडच्या काळातील रशियन ‘टॉस’ हा टी-७२ च्या बैठकीवर प्रथम ३० व नंतर २४ नळ्या वाहणारा क्षेपक याच घराण्यातला. आपल्याकडील ‘पिनाक’ मात्र या घराण्यातला नव्हे. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत घडलेला हा क्षेपक ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडतो, १९९९ च्या कारगिल संघर्षात तो वापरलाही गेला. पण तो मालमोटारीवर बसतो, त्याला चिलखत नाही, कारण एवढ्या लांबून मारणाऱ्यास चिलखताची गरजच नाही. उलट आपल्या सैन्यातील टी-९० हा रणगाडा तोफेच्याच नळीतून मार्गदर्शित क्षेपणास्त्र सोडतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. बाजारातील खेळणे बनविणारा अर्थात याची उलटापालट करून ठेवतो. ज्याच्या पाठीवर रॉकेटे दिसतात तोच त्याच्या लेखी रॉकेटवाला.

प्रमाणाचा प्रश्न आता घेऊ. १/७२ या रूढ परिमाणात शर्मन सुमारे ८ सेंटिमीटर लांब होतो, तळहातावर मावतो. त्याच परिमाणाने भूमी मोजली, तर कॅलिओपीचा पल्ला सुमारे ५० मीटर होईल. खेळाचे नेहमीचे मेज सहा फुटांचे. म्हणजे अशी अठ्ठावीस मेजे ओळीने मांडली, तर रॉकेट शेवटच्या मेजावर पडेल. पिनाकच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला ३८ किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याच प्रमाणात तो अर्धा किलोमीटर भरेल, आणि सोसायटीच्या आवारातील किल्ल्यावर ठेवलेला क्षेपक दोन गल्ल्या ओलांडून पलीकडच्या सोसायटीच्या किल्ल्यावर मारा करील. याउलट राइसविट्झच्या १ : ८००० या नकाशावर कॅलिओपीचा पल्ला सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने अगदी एक हात येतो. ठोकळ्यांच्या नीरस पटावर हे शस्त्र बिनतक्रार मावते, देखण्या पटावर ते मुळीच मावत नाही. तात्पर्य, रॉकेटधारी रणगाडा प्रतिकृती म्हणून मेजावर ठेवणे म्हणजे त्याला त्याच्या पल्ल्यापासून तोडून ठेवणे होय. खेळणारे यावर उपाय म्हणून आकृतीचे प्रमाण एक आणि भूमीचे प्रमाण दुसरे, असे द्वैत पत्करतात. महादरवाज्याहून उंच मावळा तो हाच. फक्त त्याला आता छापील नियमावलीची मान्यता मिळाली आहे.

नियमावल्या या शस्त्राचे काय करतात हे पाहिले असता तीन प्रकार दिसून येतात. पहिल्यात एक चौरस किंवा वर्तुळाकार साचा लक्ष्यावर ठेवतात आणि त्याखाली येणाऱ्या प्रत्येक आकृतीसाठी फासा टाकतात. साध्या तोफेचा साचा लहान, रॉकेटांचा मोठा, एवढाच भेद. दुसऱ्यात लक्ष्यबिंदूपासून ठरावीक अंतरातील प्रत्येक तुकडीसाठी, मग ती शत्रूची असो वा आपली, फासा टाकावयाचा आणि सहा पडल्यास आघात झाला असे मानावयाचे. तिसऱ्यात रॉकेटांस एकच बार दिलेला असतो. तो उडाला की तो रणगाडा पुन्हा साधा रणगाडा. यांपैकी दुसरा प्रकार मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. साचा ठेवण्यात खेळाडूचा हात असतो, डोळा असतो, थोडीशी हातचलाखीही असते. कुशल खेळाडू साचा अशा बेताने ठेवतो की शत्रूचे पाच आत आणि आपला एक बाहेर राहावा. पण ज्याला असा बेत करता येतो ते रॉकेट नव्हेच. रॉकेटांचा धर्म हा की सोडणाऱ्यालाही ती कोठे पडतील हे नेमके ठाऊक नसते. ज्या नियमाने सोडणाऱ्याच्या मनात किंचित भय निर्माण होत नाही, तो नियम या शस्त्राविषयी खोटे बोलतो.

तिसऱ्या प्रकाराने पुन्हा भरण्याच्या कष्टाची गोष्ट मान्य केली, पण ती टाळून मान्य केली. एकच बार दिला म्हणजे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसांचा प्रश्नच उरत नाही. भरण्यास तीन पाळ्या लागतील आणि त्या पाळ्यांत हा रणगाडा चिलखत नसलेल्या गाडीप्रमाणे मारला जाईल, एवढा साधा नियम केला असता तर कॅलिओपीचे अर्धे चरित्र त्यात आले असते. असे नियम क्वचित आढळतात. ते का आढळत नाहीत याचे उत्तर खेळाच्या शास्त्रात नसून बाजारात आहे. प्रतिकृती ज्याने विकत घेतली, रंगविली, तिच्यावर आठवडे खर्च केले, त्याला ती तीन पाळ्या निमूट उभी राहिलेली खपत नाही.

बाजाराचा दुसरा परिणाम याहून खोल जातो. ज्या श्टुर्मटायगरची संख्या सुमारे १८ वर थांबली, त्याच्या प्रतिकृती आज किती मेजांवर उभ्या असतील! जे इतिहासात विरळ ते पटावर वारंवार, कारण ते प्रेक्षणीय. आणि जे इतिहासात सर्वत्र होते, म्हणजे मालमोटारी, इंधनाची पिंपे, दुरुस्तीची पथके, ते पटावर नाहीतच, कारण त्यांत पाहण्यासारखे काय? आपल्या ऐतिहासिक नाटकांचा हाच रोग होता. प्रत्येक अंकात तलवार उपसली गेलीच पाहिजे, मात्र फौजेला दाणावैरण कोणी पोचवली हे एकाही प्रवेशात येऊ नये. बखरकारांना आपण लाखांच्या आकड्यांबद्दल दोष देतो. पण बखरकार निदान संख्याच फुगवितो, युद्धाचा घाट बदलत नाही. पटावरील श्टुर्मटायगर घाट बदलतो. अशा पटावर वाढलेल्या खेळाडूची महायुद्धाविषयीची कल्पना संग्रहालयातील दालनाप्रमाणे होते, जेथे प्रत्येक जातीचा एकेक नमुना शेजारीशेजारी उभा आहे. अहिल्यानगर येथील १९९४ पासूनचे रणगाड्यांचे संग्रहालय पाहावयास जाणाऱ्याने ही गोष्ट मनाशी बाळगावी. तेथे नमुने एकेकटे असणे रास्तच आहे, कारण संग्रहालय युद्ध दाखविण्याचा दावा करीत नाही. पट तो दावा करतो.

रॉकेटाचा हा स्वभाव मराठी भाषेला नवा नाही. आपण रॉकेटास ‘बाण’ म्हणतो, आणि धनुष्याच्या बाणासही ‘बाण’च म्हणतो. अठराव्या शतकातील मराठी फौजांच्या वर्णनांत तोफा, जेजाला, सुतरनाळा यांच्या जोडीने ‘बाण’ येतात तेव्हा ते दारूचे बाण होत. पानिपतच्या वृत्तांतांत नजीबखानाच्या रोहिल्यांनी केलेल्या बाणांच्या माऱ्याचे उल्लेख येतात तेही याच अर्थाने. म्हैसूरकरांनी दारू लोखंडी नळकांड्यात भरून याच शस्त्राला जोर दिला. शिवमोगा जिल्ह्यातील एका कोरड्या विहिरीत २०१८ मध्ये अशी हजाराहून अधिक नळकांडी मिळाली, आणि काँग्रीव्हने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जी रॉकेटे केली ती म्हैसूरच्याच नमुन्यावरून. या बाणास लांब वेळूची काठी बांधलेली असे आणि त्या काठीच्या समतोलावर तो जाई. दिवाळीत मुले बाटलीत उभा करून जो बाण सोडतात त्याची काठी तीच. म्हणजे मातीच्या किल्ल्यावरील प्लॅस्टिकचा रॉकेटरणगाडा जे सांगू शकत नाही, ते त्याच्या शेजारी ठेवलेली रिकामी बाटली अचूक सांगते : बाटली थोडी कलली, वाऱ्याची झुळूक आली, की बाण शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळतो आणि मुले पांगतात. वेल्सने हे पाहिले असते तर त्याला फार आनंद झाला असता. येथे नियम वस्तूतच आहे.

बाण शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळतो, हे वाक्य मी सहज लिहून गेलो; पण या लेखाचा गंभीर भाग तेथेच आहे. रॉकेट हे जागेवर मारा करणारे शस्त्र आहे, माणसावर नेम धरणारे नव्हे. त्या जागेत जे असेल ते सर्व त्याचे लक्ष्य. पटावर त्या जागेत काय असते? शत्रूच्या आकृत्या, झाडे, आणि पुठ्ठ्याची घरे. नियमावलीत घराची नोंद ‘आडोसा’ अशी असते. घरात शिरलेल्या तुकडीस एवढे संरक्षण, आणि जड रॉकेटास त्या संरक्षणाविरुद्ध एवढी सवलत. घरात कोणी राहत असेल ही शक्यताच नियमाने रद्द केलेली असते. श्टुर्मटायगर घडविला गेला तो मुळी शहरातील इमारती पाडण्यासाठी, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या उठावाविरुद्ध तो वापरला गेला. टॉस वापरला गेला तो चेचन्यात, आणि २०२२ पासून युक्रेनमध्ये. या शस्त्राच्या इतिहासातून वस्ती वगळली तर इतिहास म्हणून उरते ते नळ्यांची संख्या आणि व्यास. रिकाम्या घरांचा पट हा, निदान या शस्त्रापुरता, अपुरा पट नसून चुकीचा पट आहे. अपुरेपणा प्रत्येक प्रतिकृतीत असणारच; परंतु जे वगळल्याने शस्त्राचा अर्थच पालटतो, ते वगळणे संकेतात बसत नाही.

यावर आक्षेप निघेल की, खेळात एवढे ओझे कशाला? आणि याच्या उलट टोकाचा आक्षेपही निघेल की, युद्धाचा खेळ करणेच मुळात गैर. दुसऱ्या आक्षेपाला वेल्सने आपल्या परीने उत्तर दिले होते. आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्याने खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, असा सूर लावला. पुस्तक निघून वर्ष उलटले नाही तोच १९१४ चे महायुद्ध पेटले, यात त्याच्या उत्तराचा दोष नाही. पहिल्या आक्षेपाविषयी एवढेच म्हणता येईल की, सैन्याधिकारी वाळूवर भूप्रदेश रचून त्यावर चढाईची चर्चा करतात तेव्हा ते ओझे टाळीत नाहीत. नदी, पूल, चिखल, वेळ, रसद यांचा हिशेब तेथे चुकवता येत नाही. हौशी खेळाडूला त्याहून हलके राहण्याचा हक्क आहे, हे मान्य. पण मग आपल्या पटाला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लावण्याचा आग्रह त्याने सोडावा.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांना याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मिरा-भाईंदरच्या हद्दीतच त्याचे क्षेत्र पडले आहे. घोडबंदरचा किल्ला याच हद्दीत येतो. आणि भाईंदरच्या पश्चिमेस, डोंगरी, चौक, उत्तन या गावांच्या बाजूस, वसईच्या खाडीच्या तोंडाशी धारावीच्या किल्ल्याचे थोडके अवशेष आहेत. (मुंबईतील धारावीशी याचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाही.) १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत या ठाण्याला मोठे महत्त्व आले, कारण धारावी ज्याच्या हाती त्याची नजर खाडीच्या मुखावर, आणि वसईला समुद्रावाटे येणारी मदत याच पाण्यातून जावयाची. १७३९ मध्ये आधी धारावी आणि मग, मे महिन्यात, वसई चिमाजीअप्पांच्या फौजेस मिळाली. आजवर या मोहिमेच्या प्रतिकृती होतात त्या वसईच्या कोटाच्या : तट, बुरूज, सुरुंगाने पडलेले खिंडार. धारावीची प्रतिकृती कोणी सहसा करीत नाही, कारण तेथे उभे असे फारसे काही नाही. रूपावर भिस्त ठेवणाऱ्या प्रतिकृतीला धारावी दिसतच नाही. नियमावर भिस्त ठेवणाऱ्या पटाला ती मोहिमेची किल्ली म्हणून दिसेल.

असा पट रचावयाचा तर त्याचे पहिले शस्त्र तोफ नव्हे, बाणही नव्हे, तर भरती होय. मुंबईच्या या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पाण्यातील फरक चार मीटरांहून अधिक असतो, आणि साधारण सव्वासहा तासांत पाणी एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाते. दीड तासाची एक पाळी धरली, तर चार पाळ्यांत भरतीची ओहोटी होते. पटाच्या खाडीकडील कडेला चार घरांची एक पट्टी ठेवावी आणि दर पाळीला तिच्यावरील खूण एक घर सरकवावी. खूण पहिल्या दोन घरांत असता होडी किनाऱ्याला लागेल. शेवटच्या दोन घरांत असता ती चिखलावर रुतेल आणि उतरणारी माणसे गुडघाभर गाळातून, अर्ध्या चालीने येतील. बाणांसाठी साचा नसावा. लक्ष्यापासून ठरावीक अंतरातील प्रत्येक तुकडीसाठी, आपली असो वा परकी, फासा पडावा, आणि त्या रात्री घोडी जवळ बांधलेली असतील तर एक पडल्यास ती उधळावी. आणि डोंगरी, चौक व उत्तन या गावांची घरे पटावर ‘आडोसा’ म्हणून नोंदू नयेत. तेथे कोळी व ख्रिस्ती कुटुंबे राहतात, त्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या आहेत, आणि दोन्ही पक्षांना त्या होड्यांची गरज आहे. गावाच्या अंतरात बाण पडला की पुढील चार पाळ्या त्या गावातून होडी मिळू नये, वाटाड्या मिळू नये. या नियमाने खेळ मंदावतो की नाही, आणि धारावीचा माथा घेण्यास मग किती भरत्या लागतात, हे विद्यार्थ्यांनी पट मांडून पाहावे. मोजपट्टी, दोन फासे आणि खाडीचा एक चांगला नकाशा यांपलीकडे त्यास काही लागणार नाही.